पाचांतून कोण उठणार

मनकर्णाबाईनं खुशालरावांच्या पिशवीत टाकलेला सांबार परत काढून घेतला, तेव्हा इतवारा बाजारात कोणाचंच तिकडं लक्ष नव्हतं. वांगी घेऊन झाली होती, मेथीची जुडी घेऊन झाली होती, आणि वरून फुकट टाकायची कोथिंबीर, जिला अमरावतीत सांबारच म्हणतात, तीही तिनं सवयीनं टाकली होती. मग तिला काहीतरी आठवलं. तिनं पिशवीत कोपरापर्यंत हात घातला, वांग्यांच्या खालून काडी न् काडी चाचपून सांबार बाहेर काढला, त्यावर पाण्याचा हबका मारला आणि तो पुन्हा ढिगावर ठेवून दिला. खुशालराव पिशवीचं तोंड उघडं धरून तसेच उभे राहिले. शाळेतले ड्रॉइंग मास्तर, वीरभद्र व्यायामशाळेच्या बास्केटबॉल संघाचे कप्तान, डोक्यावर काळी टोपी, आणि एका माळिणीनं आपल्या पिशवीत हात घालून आपली किंमत कमी केली आहे एवढं त्यांना कळलं. का केली ते कळेना. "काहून व मनकर्णाबाई?" त्यांनी विचारलं. "काहून म्हंजे?" ती म्हणाली. "तुमी माह्या सहदेवले खेळाले नेता का बसाले नेता जी? बसाचंच असन त इथं माह्यापाशी बसला असता, दोन गिऱ्हाइकं त केली असती. रोज संध्याकायी धुतलेला बनियन घालून जाते अन् जसाचा तसा वापस येते. मी धुवाले घेते त त्याले घामाचा वासबी नाई. अठरा वर्साचं पोरगं बाप्पा, अन् बनियन देवाच्या वस्त्रावानी कोरा!" पलीकडच्या फुलवाल्या पार्बताबाईला हसू आलं. खुशालरावांनी पिशवी मिटली आणि ते निघाले.

गावाच्या जुन्या तटबंदीच्या, परकोटाच्या, कडेकडेनं घरी येताना त्यांना राग आला होता, पण तो नीट बसत नव्हता. माळिणीवर धरावा तर ती खोटं बोलली नव्हती. सहदेववर धरावा तर त्यानं आईकडे तक्रार केलेली नसणार. ते पोरगं तक्रार करणाऱ्यांतलं नव्हे. त्याला संघात आणला होता तो खुशालरावांनीच. एका सकाळी याच बाजारात त्याचा भाऊ बैलगाडीवर उभा राहून पत्ताकोबीचे गड्डे खाली फेकत होता आणि हा खाली उभा राहून, इकडेतिकडे गप्पा मारत, गड्ड्याकडं न पाहता ते झेलत होता. एकही खाली पडला नाही. खुशालरावांच्या अंगावर तेव्हा काटा आला होता. भाजी घ्यायची विसरून त्यांनी त्याला दंडाला धरून व्यायामशाळेत नेलं होतं, आणि पहिल्याच संध्याकाळी त्यानं एका हातानं चेंडू टोपलीत घातला होता. एका हातानं! खुशालराव स्वतः दोन्ही हातांनी, गुडघ्यात वाकून, खालून वर असा टाकत, कळशी विहिरीतून वर घ्यावी तसा. त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. शहरात हा खेळ आला तेव्हा त्यांनी एका इंग्रजी पुस्तकातली चित्रं पाहून तो शिकून घेतला होता, आणि चित्रातल्या गोऱ्या माणसाचे दोन्ही हात खाली होते. तर त्या पोराला त्यांनी आणला, आणि आणल्यापासून तो खरोखर बसलेलाच होता. मैदानाच्या कडेला बाकावर, मोठ्या माणसांचे कोट मांडीवर घेऊन.

आता यात खुशालरावांचा काय दोष? एका वेळी खेळणार पाच जण. पाचवे स्वतः कप्तान. उरले चार, आणि त्या चारांतल्या कोणालाही "तुम्ही बाहेर या" म्हणायची सोय नव्हती. वामनराव वकील होते. उत्तमराव संत्र्यांच्या बागांचे मालक, आणि दोन्ही टोपल्या ज्या खांबांवर उभ्या होत्या ते सागाचे खांब त्यांच्याच वाडीतून आलेले. केशवराव बडनेऱ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर होते, म्हणजे परगावच्या सामन्याला डब्यात बसायला जागा त्यांच्यामुळे. आणि सायकलींचं दुकान चालवणारे गयासुद्दीन चेंडूत हवा भरत. नव्या खेळाचा नियम असा होता की खेळता खेळता माणूस बदलता येतो. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलं होतं, आणि वाचताना त्यात काही अवघड आहे असं वाटलं नव्हतं. पण वऱ्हाडात पंगतीला बसलेल्या माणसाला अर्ध्या जेवणावरून उठवत नाहीत. खुशालरावांनी एकदाच, अगदी सुरुवातीला, सगळ्यांदेखत हाक मारून वामनरावांना बाहेर बोलावलं होतं. वामनराव आले. शांतपणे कोट घातला, काठी घेतली, आणि त्यानंतर त्यांच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा अख्ख्या राजापेठेला आमंत्रण होतं, खुशालरावांना नव्हतं. सत्यवतीनं, त्यांच्या बायकोनं, तेव्हा आहेरासाठी आधीच काढून ठेवलेलं पातळ पुन्हा ट्रंकेत घातलं होतं आणि बरेच दिवस त्यांच्याशी तुटक बोलली होती.

तेव्हापासून व्यायामशाळेत एक रीत पडली. कोणी पाडली ते कोणाला सांगता येत नसे. एखाद्याला बाहेर काढायचं झालं की बाकावरचा माणूस मैदान आखलेल्या पांढऱ्या फक्कीच्या रेषेपाशी येऊन अदबीनं म्हणायचा, "केशवराव, घरी पाहुणे आले." मग केशवराव अरेरे म्हणत, हळहळत, मानानं बाहेर पडायचे. सगळ्यांना ठाऊक होतं की पाहुणे नाहीत, आणि सगळ्यांनी तोंडं दुसरीकडे वळवायची. बाकावरचा माणूस म्हणजे सहदेवच, त्यामुळे निरोप आणायचा त्यालाच असे. आणि बाहेर पडणारा नुसता थोडाच जाणार? कोण पाहुणे, कुठले, चहा झाला का, बायका आहेत का बरोबर, हे सगळं विचारून व्हायचं, कारण पाहुण्यांचा निरोप आल्यावर असं विचारतातच. सहदेव मान खाली घालून एकेक उत्तर द्यायचा. "अचलपूरचे हायेत जी. हो जी, च्या झाला." तोवर सूर्य खाली जायचा आणि चेंडू दिसेनासा व्हायचा. एकदा तर केशवराव रीत पाळायची म्हणून खरोखर घरी गेले आणि घरी खरेच पाहुणे बसलेले. त्या दिवशी त्यांना फसवल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी खुशालराव भिंतीला टेकून पाय लांब करून बसले होते आणि सत्यवती त्यांच्या गुडघ्याला कोमट तेल चोळत होती. रविवारी अकोल्याला सामना होता. मनकर्णाबाईचं त्यांनी घरी सांगितलं नाही, पण भाजीत सांबार का नाही हे सत्यवतीनं विचारलंच, आणि मग सगळं सांगावं लागलं. "मंग खेळू द्या ना त्याले," ती म्हणाली. "तुले काय जाते सांगाले? पाचांतून उठवू कोणाले?" त्यांनी एकेकाचा विचार मोठ्यानं करायला सुरुवात केली. वामनरावांचा पळ आता राहिला नाही. हळू चोळ. केशवराव अर्ध्या मैदानापर्यंत जातात आणि तिथून परत फिरतात, रेल्वेत आहेत म्हणून काय झालं. उत्तमरावांचं पोट. हां, तिथंच, तिथंच दुखते, थोडं वर. गयासुद्दीनचा दम बरा आहे पण नजर? माणसाला आपलं वय कळायला नको का, खुशालराव म्हणाले, एवढी शिकलेली माणसं, कोणी बोलत नाही म्हणून किती दिवस नाचायचं? सत्यवतीनं दुसरा गुडघा पुढं ओढून घेतला. ती खाली पाहत होती आणि तिच्या खांद्यांना बारीक हिसके बसत होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "काई नाई," ती म्हणाली, "तेलाचा वास नाकात गेला."

रात्री त्यांना झोप लागेना. बास्केटबॉल नसता तर आपण कोण, हा प्रश्न त्यांना पूर्वी कधी पडला नव्हता. शाळेत ते घागर काढायला शिकवत. वर्षानुवर्षं तीच घागर टेबलावर, आणि तिची उजवी बाजू नेहमी पोरांची बिघडणार. हेडमास्तर त्यांच्या तासाला पोरांना दुसऱ्या कामांना पाठवत, चित्रकलाच तर आहे म्हणून. पण संध्याकाळी चड्डी घालून फक्कीच्या रेषेच्या आत पाऊल टाकलं की वकील, बागाईतदार, सगळे त्यांच्या शिट्टीकडे पाहत. तिथं वामनरावसुद्धा विचारत, "खुशालराव, मी कुठं थांबू?" आयुष्यात दुसरं कोणी त्यांना असं विचारत नसे. त्यांनी ठरवलं की अकोल्याला सहदेवला नक्की खेळवायचं, निदान अर्धा सामना. त्या निर्णयानं त्यांना फार बरं वाटलं, आणि वामनरावांना मनातल्या मनात घरी पाठवल्याचं समाधान मानून ते झोपी जाणार, तेवढ्यात डोळे टक्क उघडले. अकोल्यात कोणाच्या घरी पाहुणे येणार? घरं सगळ्यांची अमरावतीला!

अमरावतीहून बडनेरा आणि बडनेऱ्याहून पुढं अकोला, या सगळ्या प्रवासात ते याच एका विचारात होते. वामनराव नेहमीप्रमाणे वऱ्हाडाला मध्यप्रांतात बांधून नागपूरकर कसे आपल्या कापसावर जगतात हे सांगत होते, केशवराव प्रत्येक सिग्नलला नावानिशी ओळख देत होते, आणि सहदेव दाराशी सगळ्यांच्या वळकट्यांवर बसून बाहेरचे पऱ्हाटीचे धुरे, कपाशीच्या शेतांचे बांध, पाहत होता. खुशालराव कारणं शोधत होते. अकोल्यात वामनरावांचे कोणी अशील असतील का, कोर्टाचं काही काम? रविवारी कोर्ट बंद. केशवरावांना स्टेशनातून तार? मग एकदम त्यांना उत्तमराव आठवले. उत्तमराव वाडीवरून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं मूर्तिजापूरला येऊन तिथं या गाडीत बसणार होते, आणि ती छोटी गाडी कधी वेळेवर आल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. वाटेत म्हैस आडवी आली की ड्रायव्हर खाली उतरून म्हशीच्या मालकाला शोधायचा. उत्तमराव चुकले म्हणजे कोणाला न दुखवता पाचवी जागा मोकळी! मूर्तिजापूर येईपर्यंत खुशालरावांनी मनातल्या मनात एका म्हशीची कळवळून वाट पाहिली. गाडी थांबली. फलाटावर उत्तमराव संत्र्यांची करंडी घेऊन उभे होते. "आज त कमालच झाली!" ते हसत डब्यात चढले. "छोटी गाडी टायमावर! माह्या जन्मात पहिल्यांदा!" सगळ्यांना आनंद झाला. खुशालरावांनी संत्रं सोलायला घेतलं आणि ते बियांसकट खाल्लं.

अकोल्याचं मैदान मोर्णा नदीच्या काठाला होतं, ताजं सारवलेलं, आणि अकोल्याची पोरं खरोखरच पोरं होती. त्यांच्यात राव कोणीच नव्हता. खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात खुशालरावांना वाटलं की चेंडूत आज हवा जास्त भरली आहे. तो हाताला लागून निघून जात होता. मग वाटलं, मैदानच लांब आखलंय. ते टोपलीपाशी पोचायचे तेव्हा चेंडू दुसऱ्या टोपलीपाशी असायचा, आणि तिकडं पोचेपर्यंत इकडं आलेला असायचा. सगळा वेळ ते खेळाला सामोरे जात होते आणि खेळ त्यांना वाटेत भेटून नमस्कार करून पुढं जात होता. अकोल्याचा एक उंच पोरगा त्यांच्याजवळून जाताना दर वेळी "सॉरी काका" म्हणायचा. त्यानं धक्का मारला असता तर चाललं असतं. छातीत भाता चालू झाला होता, उजवा गुडघा आपलं वेगळंच काही सांगत होता, आणि तरी ते स्वतःशी म्हणत होते की वामनराव आज फारच संथ आहेत. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा अमरावती चांगलीच मागं होती.

पाचही जण बाकापाशी जमले. सहदेवनं प्रत्येकाला पाण्याचा गडू दिला. त्याचा बनियन पांढराशुभ्र होता, घडी मोडायची राहिल्यासारखा. खुशालरावांनी मनात वाक्य जुळवलं, वामनराव, तुमची तब्येत, असं सुरू होणारं, आणि मान वर केली. वामनराव नदीकडं पाहत होते. केशवराव बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होते. उत्तमराव करंडीत काहीतरी शोधत होते. कोणीही त्यांच्याकडं पाहत नव्हतं, आणि ते न पाहणं त्यांच्या ओळखीचं होतं. फार ओळखीचं होतं. कोणाला पाहुण्यांचा निरोप द्यायचा असला की आपणही असेच नाडी बांधायला लागतो, झाडाकडं पाहतो. "मास्टर," गयासुद्दीन हळूच म्हणाले, "अकोल्यात त मेहमानबी नाई येऊ शकत. बडी मुश्कील हाये." त्यांच्या आवाजात इतकी माया होती की खुशालरावांना शिवी दिल्यासारखं झालं. म्हणजे हे चौघं! कधीपासून? ते वामनरावांच्या जागेचा विचार करत होते तेव्हा वामनराव त्यांच्या जागेचा विचार करत होते. गेले कित्येक महिने ही भली माणसं त्यांना उठवायची कशी या काळजीत होती, आणि कप्तानाला निरोप कोणी द्यायचा म्हणून गप्प होती. त्यांना भयंकर राग आला, आणि रडू आलं, आणि सत्यवतीचे हलणारे खांदेही आठवले. तेल कसलं नाकात जातंय! "सहदेव," ते ओरडले, गरज नसताना ओरडले, "ऊठ. कोट ठेव. खेळाचं हाये तुले." पोरगं गांगरलं. "कोणाच्या जागी जी?" "माह्या," खुशालराव म्हणाले आणि कोट मांडीवर घेऊन त्याच्या जागेवर बसले. बाक तिथं गरम होतं.

बाकावरून मैदान लहान दिसतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. आत असताना जे लांबच लांब होतं ते इथून एका अंगणाएवढं होतं, आणि त्यात कोणी कुठं जायला हवं ते सगळं दिसत होतं, फक्त आपले पाय तिथं नव्हते. सहदेव मात्र खेळेना. चेंडू हातात आला की तो थांबायचा, वामनरावांना शोधायचा, आणि दोन्ही हातांनी, किंचित वाकून, "घ्या जी" म्हणून त्यांच्या हातात द्यायचा. मोठ्या माणसाच्या अंगावर वस्तू फेकायची नसते हे त्याला मनकर्णाबाईनं शिकवलं होतं आणि इतक्या संध्याकाळी बाकावर बसून तो दुसरं काही शिकला नव्हता. वामनरावही "आण बाबा" म्हणत घ्यायला पुढं यायचे. ही देवघेव होईपर्यंत अकोल्याचा उंच पोरगा मधूनच चेंडू घेऊन जायचा. आणि मधूनमधून सहदेव वळून बाकाकडं पाही, मास्तर बसलेत आणि आपण उभे आहोत याची लाज वाटून. खुशालरावांना ते पाहवेना. "अबे, काय नैवेद्य दाखवून राहिला का वकीलसाहेबाले!" ते बसल्या जागेवरून गरजले. "पत्ताकोबी समज! फेक! टोपलीत फेक!" अकोल्याची माणसं हसली. वामनरावांनी मागं वळून पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते सगळ्यांदेखत आपणहून बाजूला झाले. सहदेवनं एक उडी घेतली आणि एका हातानं, टोपलीकडं नीट न पाहताच, चेंडू टाकला. तो कडेला न लागता आत गेला. मग आणखी एक. मग गयासुद्दीननं लांबून फेकलेला, मागं न वळता झेलून, तोही. मोर्णेच्या काठावरची गर्दी उठून उभी राहिली. खुशालराव ओरडत होते, मांडीवरचे कोट खाली पडले होते, आणि आपण ओरडतोय ते आनंदानं की दुखून, हे त्यांना कळत नव्हतं. असं कोणी खेळू शकतं हे त्यांना त्या सकाळी बाजारातच कळलं होतं. म्हणून तर अंगावर काटा आला होता. म्हणून तर त्याला इतके दिवस बसवला होता.

मधे पंचानं कशासाठी तरी शिट्टी मारली आणि खेळ थांबला. सहदेव धावत बाकापाशी आला. घाम त्याच्या हनुवटीवरून गळत होता, बनियन अंगाला चिकटला होता, आणि चेहऱ्यावर अपराधीपणा होता. "मास्तर, आता तुमी या जी," तो धापा टाकत म्हणाला, "मी बसतो. तुमी बसून अन् मी खेळून, बरं नाई वाटत. थोडाच खेळ उरला हाये, तुमीच मारा शेवटचं." तो अगदी मनापासून म्हणत होता. नियमात बसत होतं, पंच नाही म्हणाला नसता, चौघांनी तर पुन्हा नाड्या बांधायला घेतल्या असत्या. आणि खुशालराव उठले. त्यांनी ठरवलं नव्हतं. पाय आपोआप उठले, टोपी आपोआप निघाली, उजवा गुडघासुद्धा काही बोलला नाही. ते सहदेवच्या समोर उभे होते आणि त्यांचा एक पाय फक्कीच्या रेषेला लागला होता. जायचं होतं त्यांना. मग त्यांनी हातातल्या टोपीनं पोराच्या तोंडावरचा घाम खसाखसा पुसला, जवळजवळ मारल्यासारखा. "जाय," ते म्हणाले. "अन् आता माह्याकडं पाहू नको. एकदाबी पाहू नको."

सहदेव गेला. खुशालराव उभेच राहिले. बसले असते तर आपण कशासाठी उठलो होतो ते लोकांना कळलं असतं. उरलेला सगळा खेळ त्यांनी रेषेच्या बाहेर उभं राहून पाहिला. शेवटी शेवटी अमरावती पुढं गेली आणि पुढंच राहिली. गयासुद्दीननं पोराला उचलून खांद्यावर घेतलं, उत्तमरावांनी करंडीतली संत्री गर्दीत उधळली, अकोल्याचा तो उंच पोरगा येऊन सहदेवला एका हाताची फेक पुन्हा करून दाखवायला सांगू लागला. सहदेव दाखवत होता, हसत होता, चारी बाजूंना पाहत होता. फक्त त्यांच्याकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही.